वर्गात संहत आम्लांचे प्रयोग: दाखवता का? आणि दाखवलेत तर आवरतं कोण?

तिवई

विज्ञान शिक्षकांच्या ग्रुपवर सध्या एक व्हिडिओ फिरतोय. बीकरमध्ये साखर, वरून संहत (म्हणजे तीव्र, कॉन्सन्ट्रेटेड) सल्फ्युरिक आम्ल आणि त्यातून फुगत वर येणारा काळा कोळसा. आठवीची पोरं टेबलाभोवती गराडा घालून उभी, पुढच्या दोघांची नाकं थेट बीकरवर. सरांच्या डोळ्यांवर साधा चष्माही नाही. खाली अंगठ्यांचा पाऊस आणि 'हाडाचा शिक्षक' वगैरे. एका बाईंनी विचारलं, धूर पोरांच्या नाकात जात नाही का? त्यांना उत्तर मिळालं, 'प्रत्येक गोष्टीत खोट काढू नये.'

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आणि हा प्रयोग दरवर्षी दाखवते. तो बंद व्हावा असं मला मुळीच वाटत नाही. साखरेत कार्बन आहे हे फळ्यावर शंभरदा लिहिलं तरी पोरांना पटत नाही, डोळ्यांसमोर पांढऱ्याचं काळं झालं की पटतं. साखर आधी पिवळसर होते, मग काकवीसारखी तपकिरी, आणि मिनिटभर काहीच होत नाहीसं वाटत असताना एकदम वाफ सुटून काळा खांब उभा राहतो. आम्ल साखरेतलं हायड्रोजन-ऑक्सिजन पाण्याच्या प्रमाणात काढून घेतं. साखरेच्या एका रेणूतून बारा कार्बन मागे उरतात आणि पाण्याचे अकरा रेणू जातात. हे गणित त्या वाफेकडे बघत सांगितलं की वहीत न लिहिताही लक्षात राहतं.

पण त्या वाफेत नुसतं पाणी नसतं. सल्फर डायऑक्साइड असतो, थोडा कार्बन मोनॉक्साइड असतो, आम्लाचे बारीक तुषार असतात. आधी जळक्या साखरेचा गोड वास येतो म्हणून पोरं आणखी पुढे वाकतात आणि मग घसा धरतात. दम्याचं पोर वर्गात असेल तर तिथेच धाप लागते.

माझ्याकडे प्रमाण असं: दहा ग्रॅम पिठीसाखर, दहा मिली आम्ल, उंच अरुंद बीकर, खाली ताटात खायचा सोडा पसरलेला. टेबल खिडकीशी, पोरं वारा येतो त्या बाजूला आणि निदान दोन बाक मागे. बीकर मोठा घेतला की कोळसाही मोठा येतो, टाळ्याही मोठ्या येतात, पण शिकायला तेवढंच मिळतं.

धागा काढायचं कारण मात्र वेगळं आहे. इतक्या वर्षांत ऐकलेले अपघात आठवले तर प्रयोग चालू असताना झालेले त्यात फार थोडे आहेत. बहुतेक तास सुरू व्हायच्या आधीचे किंवा संपल्यानंतरचे. मोठ्या बाटलीतून लहान बाटलीत ओतताना, आम्ल विरल (पाण्याने सौम्य) करताना, तोंडाने पिपेट (द्रव मोजून घ्यायची काचनळी) ओढताना, आणि सगळ्यात जास्त म्हणजे भांडी धुताना. त्या काळ्या कोळशाकडेच बघा. दिसायला कोरडा, खडबडीत, लोणारी कोळशासारखा. पोरं खिशात घालून घरी न्यायला बघतात. आत तो आम्लाने भिजलेला असतो. तास संपला की सर निघून जातात आणि प्रयोगशाळा परिचर उघड्या हातांनी तो बीकर नळाखाली धरतो. त्याचा व्हिडिओ कोणी काढत नाही.

तर तुम्ही काय दाखवता, काय बंद केलंत, आणि आधीचं-नंतरचं काम कोण करतं, ते लिहा.

मीनल_कराड

चांगला धागा. आमच्या शाळेत प्रयोगशाळा सहायकाचं पद रिकामं आहे, परिचर निवृत्त झाले, त्या जागीही कोणी नाही. म्हणजे आधीचंही मीच, नंतरचंही मीच. एक शंका: विरल आम्ल करताना 'पाण्यात आम्ल' हा नियम पोरं पाठ म्हणतात, पण कारण विचारलं की 'उष्णता निर्माण होते' एवढ्यावर थांबतात. उष्णता तर दोन्ही बाजूंनी तेवढीच निर्माण व्हायला हवी ना? मग क्रमाने काय फरक पडतो?

तिवई

@मीनल_कराड, एकूण उष्णता तेवढीच, बरोबर. फरक ती कुठे आणि कोणात साठते याचा आहे. संहत सल्फ्युरिक आम्लाची घनता १.८४. पाणी त्यावर ओतलं तर ते बुडत नाही, वरच पसरतं. सगळी उष्णता त्या पातळ थरात निघते, पाणी तिथल्या तिथे उकळतं आणि उडताना आम्ल घेऊन उडतं. उलट पाण्यात आम्ल सोडलं तर जड असल्याने ते खाली जातं, आणि भोवतीचं सगळं पाणी उष्णता वाटून घेतं.

आकड्यांत: ९८ टक्क्यांचं आम्ल म्हणजे साधारण १८ मोलर (मोलर हे द्रावणाच्या तीव्रतेचं माप). १ मोलरचं लिटरभर द्रावण करायला ५५ मिलीच्या आसपास लागतं, आणि एवढ्यानेही लिटरभर पाणी १५-२० अंशांनी तापतं. पाणी आणि आम्ल निम्मं निम्मं घेतलंत तर तापमान पाण्याच्या उकळबिंदूपर्यंत जातं. म्हणून हे काम बोरोसिलिकेट काचेच्या बीकरमध्येच, थोडं थोडं, काचकांडीने ढवळत. मोजपात्रात नाही, जाड काचेच्या बाटलीत तर नाहीच. जाड काच एका बाजूने तापली की तडकते आणि बूड निसटून सगळं पायावर येतं. ढवळायला विसरलात तरी घोळ होतो: आम्ल तळाशी जाऊन बसतं आणि नंतर हलवल्यावर एकदम तापतं.

सहायक नसेल तर पोरांसमोर फक्त विरलच आणा. मॅग्नेशियमची फीत, शहाबादीचा तुकडा, अंड्याचं कवच, सगळं अर्ध्या मोलर हायड्रोक्लोरिकमध्ये झकास चालतं.

जुना_बाकडा

आमच्या वेळी गॉगल नव्हते, हातमोजे नव्हते, मास्तर पिपेट तोंडानेच ओढायचे आणि आम्हीही ओढायचो. पँटला भोकं पडली की घरी मार बसायचा, तेवढीच काय ती सुरक्षा. त्यातूनच आमची पिढी इंजिनियर झाली. आता पोरांना कापसात गुंडाळून ठेवायचं चाललंय. तांब्यावर नायट्रिक आम्ल टाकल्यावर निघणारा तो लालसर तपकिरी वायू आणि खाली निळंशार द्रावण, हे ज्याने पाहिलं नाही त्याने केमिस्ट्री पाहिलीच नाही.

शिरीष_वैद्य

@जुना_बाकडा, ज्यांना काही झालं ते या धाग्यावर प्रतिसाद द्यायला आलेले नाहीत, एवढंच म्हणतो.

मी डॉक्टर आहे, तेव्हा त्या तपकिरी वायूबद्दलच लिहितो. तो नायट्रोजन डायऑक्साइड. त्याची खोड अशी की हुंगल्यावर थोडा खोकला येतो, डोळे चुरचुरतात, आणि अर्ध्या तासात माणूस बरा होतो. घरी जातो, जेवतो. फुप्फुसांत पाणी भरायला लागतं ते कित्येक तासांनी, कधी कधी दुसऱ्या दिवशी. तोवर शाळेत घडलेलं घरच्यांना माहीतही नसतं. म्हणून कोणाच्या नाकात हा धूर चांगला गेला असेल तर 'आता बरं वाटतंय' यावर सोडून देऊ नका. डॉक्टरला दाखवा आणि वायूचं नाव सांगा. नुसतं 'केमिकलचा वास लागला' म्हणालात तर आम्हीही घरी पाठवून देऊ.

त्वचेवर किंवा डोळ्यात आम्ल उडालं तर पाणी. लगेच, वाहतं, निदान २० मिनिटं. डोळा असेल तर पापण्या बोटांनी उघड्या धरून, आणि धार नाकाकडून कानाकडे, म्हणजे दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. भिजलेले कपडे काढायचे, लाज बाजूला ठेवून. सोडा लावू नका. सोडा जमिनीवर सांडलेल्यासाठी, कातडीसाठी नाही.

गुळपोळी

पण डॉक्टर, आम्हाला बीएडला शिकवलं होतं की संहत सल्फ्युरिक अंगावर पडलं तर आधी कोरड्या फडक्याने टिपायचं आणि मगच पाणी, नाहीतर पाण्याने उष्णता निर्माण होऊन जास्त भाजतं. हे चूक आहे का?

शिरीष_वैद्य

जुन्या पुस्तकांत आहे तसं, आणि त्यामागचं रसायनशास्त्र खोटंही नाही. पण हिशोब बघा. अंगावर पडलेलं आम्ल चार-दोन मिली, नळाची धार मिनिटाला कित्येक लिटर. ती उष्णता धारेबरोबर वाहून जाते. फडकं शोधण्यात जो वेळ जातो त्यात कातडी जळते, आणि घाईने पुसलं की आम्ल आणखी पसरतं. लगेच भरपूर पाणी. ओला बोळा फिरवायचा नाही, थेट धार धरायची.

आणखी एक. शाळांत आम्लाची भीती घालतात, पण डोळ्यांच्या बाबतीत मला कॉस्टिक सोडा आणि चुना जास्त भीतिदायक वाटतात. आम्लाने वरचा थर गोठतो आणि तोच थोडीफार आडकाठी करतो. अल्कली पेशी विरघळवत आत शिरत राहतं. पानाच्या चुन्याची पुडी दाबून डोळ्यात उडालेली लहान मुलं कुठल्याही नेत्रतज्ज्ञाने पाहिलेली असतात. टायट्रेशनच्या दिवशी सगळे आम्लाच्या ब्युरेटकडे डोळे लावून बसतात आणि सोडियम हायड्रॉक्साइडचं चंबूपात्र खुशाल डोळ्यांजवळ धरून रंग बघतात.

अनघा_लेस्टर

मी इथे इंग्लंडमध्ये एका शाळेत लॅब टेक्निशियन आहे, म्हणजे तिवईताईंच्या भाषेत आधीचं आणि नंतरचं काम करणारी. इथे शिक्षक आदल्या आठवड्यात चिठ्ठी देतात, अमुक तासाला अमुक प्रयोग. संहत आम्ल मी काढते, मोजते, ट्रेमध्ये ठेवते, तासानंतर मीच उचलते. प्रत्येक रसायनासाठी क्लीप्स नावाच्या संस्थेची कार्डं असतात: कुठल्या तीव्रतेला काय धोका, कुठल्या इयत्तेपर्यंत मुलांच्या हाती द्यायचं, सांडलं तर काय. काही अडलं तर त्यांना फोन करता येतो.

मजा म्हणजे या संस्थेचा सूर 'बंद करा' असा नसतोच. शिक्षकांमध्ये अफवा असतात की अमुक प्रयोगावर बंदी आहे, आणि हे लोक सांगतात, बंदी नाही, असा असा करा. माझ्या शाळेत साखर-आम्लही होतो आणि तांबं-नायट्रिकही होतो, फक्त धूरकपाटात (धूर बाहेर खेचून घेणाऱ्या बंदिस्त कपाटात). बाहेर सामान्य माणसाला मात्र २०१८ पासून १५ टक्क्यांपेक्षा तीव्र सल्फ्युरिक आम्ल घ्यायला परवाना लागतो. माझ्या माहेरी कोपऱ्यावरच्या बॅटरीवाल्याकडे कॅन भरून मिळायचं.

कोकणकडा

बॅटरीवाल्याचं नाव निघालंच आहे तर कबुली. आमच्या पंचक्रोशीतल्या बऱ्याच शाळा तिथूनच आणतात. लॅब ग्रेडच्या बाटलीचा खर्च वेतनेतर अनुदानात बसवायचा कसा? आणि धूरकपाट म्हणाल तर आमच्याकडे साधा एक्झॉस्ट पंखा आहे, त्यात चिमणीने घरटं केलंय.

तिवई

@कोकणकडा, बॅटरीचं आम्ल म्हणजे साधारण एक तृतीयांश सल्फ्युरिक, बाकी पाणी. विरल आम्ल लागणाऱ्या प्रयोगांना, आणखी पाणी घालून, ते चालतं. पण त्याने साखरेचा कोळसा होत नाही. मग कोणीतरी डोकं लढवतं आणि ते स्टोव्हवर उकळून 'घट्ट' करायला घेतं. हे कृपया कोणी करू नका. संहत सल्फ्युरिक आम्ल ३०० अंशांच्या वर उकळतं, त्याच्या किती तरी आधी दाट पांढरा धूर सोडायला लागतं, आणि तो धूर म्हणजे आम्लच.

धूरकपाट नसेल तर तांबं-नायट्रिक व्हरांड्यात करा. परीक्षानळीत २ मिली आम्ल, सेंटिमीटरभर तांब्याची तार, नळी स्टँडला लावलेली, हातात नाही. बास. मागे पांढरा पुठ्ठा धरला की तपकिरी रंग शेवटच्या रांगेलाही दिसतो. प्लेटभर तांब्याचा कीस टाकून वर्ग धुराने भरण्यात कसली हौस? आणि नाहीच जमलं तर हा एक प्रयोग मी बिनदिक्कत व्हिडिओवर दाखवीन. साखरेचा नाही. साखरेच्या बीकरची ऊब हातभर लांबून गालाला लागते, ते पडद्यावर नाही मिळत.

@जुना_बाकडा, तुमचा तो निळाशार रंगही थोडा फसवा आहे बरं का. संहत आम्लात आधी हिरवं दिसतं, पाणी घातल्यावर निळं होतं. आणि तोंडाने पिपेट ओढण्याचं कौतुक नको. रबरी फुगा मिळतो आणि वर्षानुवर्षं टिकतो.

जुना_बाकडा

हिरव्याचं निळं मान्य. फुग्याचंही मान्य. बाकी धूर थोडा तरी नाकात गेलाच पाहिजे या मताशी मी ठाम आहे. (डॉक्टर, हलकेच घ्या.)

हुपरीकर

आमच्या गावाला नायट्रिकचं काय सांगता! हुपरी म्हणजे चांदी, आणि चांदी शुद्ध करायची तर नायट्रिक आलंच. लहानपणी गल्लीतून जाताना कुठे काम चाललंय ते धुरावरून कळायचं. चांदी नायट्रिकमध्ये विरघळवायची, मग त्या द्रावणात तांब्याची पट्टी सोडायची. तांबं विरघळतं, चांदी राखाडी गाळासारखी पट्टीवर धरते आणि पाणी निळं होत जातं. काम करणाऱ्यांची बोटं ओळखू येतात. नायट्रिकने पिवळी आणि चांदीच्या पाण्याने काळी. घासून जात नाहीत, कातडी बदलली की जातात.

शिक्षकांना सुचवण्यासारखं म्हणजे यातला दुसरा भाग वर्गात विनाधूर दाखवता येतो. सिल्व्हर नायट्रेटचं विरल द्रावण तयार असतंच लॅबमध्ये. त्यात तांब्याच्या तारेचं छोटंसं झाड करून सोडा, तासाभरात फांद्यांवर चांदीच्या सुया दिसायला लागतात. थोडं महागात पडतं, पण चांदी परत मिळते.

तिवई

@हुपरीकर, हे फार आवडलं. बोटं पिवळी होण्याचं कारण बारावीला सांगण्यासारखं आहे: कातडीतल्या प्रथिनांमध्ये टायरोसिन, ट्रिप्टोफॅन अशी अमिनो आम्लं असतात, त्यांच्या बेंझीनसारख्या वलयांवर नायट्रेशन होतं. प्रथिन ओळखायची झँथोप्रोटिक चाचणी ती हीच. अंड्याचा पांढरा बलक आणि दोन थेंब नायट्रिक एवढ्यावर दाखवता येते, स्वतःच्या बोटावर करायची गरज नाही.

पेंगुळलेला

अवांतर, पण नायट्रिकचा विषय आहे म्हणून. तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक म्हणजे आम्लराज, ज्यात सोनंही विरघळतं. १९४० मध्ये जर्मन फौजा कोपनहेगनमध्ये शिरल्या तेव्हा नील्स बोरच्या संस्थेत माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रांक यांची नोबेल पदकं ठेवलेली होती. जर्मनीतून सोनं बाहेर पाठवणं हा तेव्हा गुन्हा होता आणि पदकांवर नावं कोरलेली. जॉर्ज द हेवेशी या रसायनशास्त्रज्ञाने ती आम्लराजात विरघळवून टाकली आणि बाटली फळीवर इतर बाटल्यांमध्ये ठेवून दिली. सैनिकांनी झडती घेतली, बाटलीकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. युद्धानंतर त्यातलं सोनं परत काढून नोबेलवाल्यांनी नवी पदकं पाडून दिली.

आणि प्रात्यक्षिक फसण्याची परंपराही जुनीच आहे. १८५३ मध्ये म्यूनिकला लीबिगसारख्या नामवंत रसायनशास्त्रज्ञाने राजघराण्यापुढे नायट्रोजनचा ऑक्साइड आणि कार्बन डायसल्फाइड यांचा 'भुंकणारा कुत्रा' (पेटताना भुंकल्यासारखा आवाज होणारा प्रयोग) दाखवला. स्फोट झाला, काचा उडाल्या, राणी आणि राजपुत्र दोघेही जखमी. पहिल्या रांगेत राणी बसली आहे म्हणून काच उडायची थांबत नाही.

मीनल_कराड

आम्लराजाची गोष्ट पोरांना नक्की सांगणार. करून दाखवा म्हणतील, ते मात्र नाही!

कोकणकडा

बुवाबाजीविरोधी कार्यक्रमांत मंत्राने नारळ पेटवून दाखवतात, ते पोटॅशियम परमँगनेट आणि ग्लिसरीन. अंनिसच्या कार्यकर्त्यांनी हे गावोगाव दाखवलंय आणि लोकांवर त्याचा फार परिणाम होतो. आमच्या एका सहकाऱ्याला वाटतं ग्लिसरीनऐवजी संहत सल्फ्युरिक वापरलं तर आणखी झटकन पेटेल. तुमचं काय मत?

तिवई

@कोकणकडा, त्यांना आजच थांबवा. परमँगनेट आणि संहत सल्फ्युरिक एकत्र आले की हिरवट तेलकट द्रव तयार होतो, मँगनीज हेप्टॉक्साइड. तो आपोआप फुटतो आणि कागद, कापड, स्पिरिट कशालाही शिवला तर पेटवतो. ही जोडी शाळेत नको, कॉलेजात नको, 'थोडंसं करून बघू' असंही नको. क्लोरेट आणि संहत सल्फ्युरिकचंही तेच. १८०५ साली पॅरिसमध्ये शान्सेलने याच तत्त्वावर काड्या काढल्या होत्या. टोकाला क्लोरेट-साखर, सोबत सल्फ्युरिक आम्लाची बाटली, त्यात काडी बुडवली की पेटायची. लोकांनी असल्या काड्या खिशात फार दिवस ठेवल्या नाहीत यातच काय ते आलं.

ग्लिसरीनच्या प्रयोगाचं बलस्थानच हे आहे की तो उशिरा पेटतो. मंत्र म्हणायला वेळ मिळतो आणि हात मागे घ्यायलाही.

नायट्रिकची बाटली स्पिरिट, ॲसिटोन किंवा ग्लेशियल ॲसिटिकच्या (जवळपास शुद्ध ॲसिटिक आम्लाच्या) शेजारीही ठेवू नका. बऱ्याच ठिकाणी 'आम्लं एका कपाटात' म्हणून ॲसिटिक आणि नायट्रिक शेजारी शेजारी असतात. नावाने दोघंही आम्लं, पण ॲसिटिक जळणारं आणि नायट्रिक जाळणारं.

गुळपोळी

कपाटाचा विषय निघालाच आहे तर विचारते. आमच्याकडे सगळ्या बाटल्यांवर पांढरी पूड धरते, पुसली की महिन्याभरात परत. आणि लोखंडी कपाट आतून गंजून बिजागऱ्या निखळायला आल्यात. चुना उडतोय का भिंतीचा?

तिवई

@गुळपोळी, चुना नाही. तुमच्याकडे संहत हायड्रोक्लोरिक आणि अमोनिया एकाच कपाटात आहेत. दोन्हींच्या झाकणांतून थोडा थोडा वायू सुटतो आणि भेटला की अमोनियम क्लोराइडची पूड होते. नववीला काचेच्या नळीत पांढरं कडं दाखवतो तीच अभिक्रिया, फक्त तुमच्याकडे बारा महिने चालू आहे. अमोनिया दुसरीकडे हलवा. गंज हायड्रोक्लोरिकच्या वाफांमुळे. ती बाटली लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या कप्प्यात, सगळ्यात खाली, प्लॅस्टिकच्या टबात ठेवा, म्हणजे फुटली तरी टबात राहील. डोळ्यांच्या वरच्या फळीवर कुठलंच आम्ल नको.

लेबलंही त्या वाफांनी पिवळी पडून गळतात. पेन्सिलने लिहून वर पारदर्शक चिकटपट्टी मारली की टिकतात. आणि मे महिन्यात बंद असलेली हायड्रोक्लोरिकची बाटली जूनमध्ये उघडताना तोंड लांब ठेवा, झाकणावर ओलं फडकं टाका आणि सावकाश फिरवा. आत दाब असतो, फुस्सकन बाहेर येतं.

हातमोज्यांचंही कोणीतरी विचारेलच. ते पातळ निळे नायट्राइलचे मोजे विरल आम्लाला ठीक. संहत सल्फ्युरिक आणि नायट्रिकपुढे ते फार वेळ टिकत नाहीत, उडालं की लगेच काढून टाकायचे. ओतायच्या कामाला जाड निओप्रीनचे बरे. सुती कपड्यावर सल्फ्युरिकचा थेंब पडला तर तेव्हा कळतही नाही, धुतल्यावर भोक दिसतं.

शिरीष_वैद्य

पाण्याबद्दल राहिलं. ज्या शाळेत नळाला पाणी नाही तिथे २० लिटरचा तोटीवाला जार भरून टेबलापाशी उंचावर ठेवा. मिनिटाला लिटरभराची धार धरली तर २० मिनिटं पुरतो. जार रिकामा असेल त्या दिवशी संहत आम्ल काढायचं नाही.

हायड्रोफ्लोरिक आम्लाबद्दलही लिहून ठेवतो. रसायनशास्त्राच्या हिशोबात ते दुर्बल आम्ल, पण सुरुवातीला न दुखता आत जाऊन शरीरातलं कॅल्शियम धरतं. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचा जेल लागतो. काच कोरायला वापरतात म्हणून कोणी प्रदर्शनासाठी आणायला निघालं तर आणू देऊ नका.

अनघा_लेस्टर

कायद्याचं कोणीच बोललं नाही. भारतातही शाळांना काही बंधनं आहेत ना?

मीनल_कराड

आहेत, आणि मुख्याध्यापकांनाच माहीत नसतात. ॲसिड हल्ल्यांच्या लक्ष्मी खटल्यात १८ जुलै २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिले. दुकानदाराने नोंदवही ठेवायची, ओळखपत्र बघायचं, १८ वर्षांखालच्यांना विकायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातच शिक्षणसंस्था आणि प्रयोगशाळांसाठीही आहे: आम्लाच्या वापराची नोंदवही ठेवून ती उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे द्यायची, साठ्याची जबाबदारी एका व्यक्तीवर नेमून द्यायची, आणि प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्यांची तपासणी करायची. आमच्याकडे जबाबदार व्यक्ती अर्थातच मी.

नोंदवहीचा एक फायदा झाला. वर्षाला आपण किती आम्ल खरंच वापरतो ते कळलं. अडीच लिटरची बाटली मागवायचो, वापर त्याच्या निम्माही नव्हता. आता अर्ध्या लिटरची मागवते. उचलायलाही हलकी.

तिवई

@मीनल_कराड, अर्ध्या लिटरची बाटली! संहत सल्फ्युरिकची अडीच लिटरची भरलेली बाटली साडेचार किलोच्या पुढे जाते, आणि ती मानेला एका हाताने धरून उचलतात. नुसती बाटली लहान केली तरी ओतण्याची अर्धी जोखीम जाते.

आवरण्याबद्दल माझी पद्धत सांगते. साखरेचा कोळसा बीकरसकट थंड होऊ द्यायचा, मग चिमट्याने बादलीभर पाण्यात सोडायचा, पाण्यात धुण्याचा सोडा थोडा थोडा टाकत राहायचं. फेस थांबला म्हणजे संपलं असं नाही. कोळसा फोडला की आतून परत फेस येतो. फेस पुरता थांबल्यावरच टाकायचा. तांब्याचं निळं पाणी मोरीत ओतत नाही. त्यातही धुण्याचा सोडा टाकते, निळसर हिरवा साका खाली बसतो, वरचं पाणी जातं आणि साका बाटलीत भरून ठेवते. हे परिचरांवर सोडत नाही. त्यांनाही गॉगल दिलाय. पहिले काही दिवस कपाळावर लावून फिरायचे, आता डोळ्यांवर असतो.

कोकणकडा

शेवटचं एक. जीवशास्त्राच्या कपाटात एक जुनी तपकिरी बाटली सापडली. लेबल अर्धं गेलंय, 'पिक्रिक' एवढं वाचता येतं. आत पिवळे स्फटिक, पूर्ण कोरडे, झाकणाच्या कडेलाही पिवळं धरलंय. सहकारी म्हणतायत, हेही आम्लच ना, सोडा टाकून ओतून देऊ?

तिवई

@कोकणकडा, बाटलीला हात लावू नका. झाकण तर अजिबात फिरवू नका. पिक्रिक आम्ल स्लाइडसाठी ऊती टिकवायला वापरायचे म्हणून जीवशास्त्राच्या कपाटात असतं, आणि ते ओलं ठेवायचं असतं. कोरडं झालं की ते स्फोटक आहे, टीएनटीच्या कुळातलं. झाकणाच्या आट्यांत अडकलेले स्फटिक फिरवताना घासले तरी पुरे. सोडा नको, धुणं नको, दुसऱ्या कपाटात हलवणंही नको. खोलीला कुलूप लावा, मुख्याध्यापकांना लेखी कळवा, आणि बाटलीचा लांबूनच फोटो काढून पोलीस ठाण्यात जाऊन 'कोरडं पिक्रिक आम्ल' असे शब्द वापरून सांगा. बॉम्बशोधक पथकाला कळवायचं काम ते करतील.

कोकणकडा

कुलूप लावलं. मुख्याध्यापक आधी हसले, मग तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. आता गाडी काढतायत, पोलीस ठाण्यात निघालोय.